वाट्याची कोंबडी आणि डॉक्टरबाईंचा शब्द

डॉ. ब्रिजेट तुस्कानो यांची आणि माझी पहिली भेट माझ्या नव्या चपलांवरून झाली. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी पहिलीच नेमणूक, अंगावर कडक इस्त्रीची साडी, आणि समोर वसईतला गुरांचा दवाखाना. दारात एक पसरट घमेलं ठेवलेलं, त्यात जंतुनाशकाचं जांभळं पाणी. मी ते ऐटीत ओलांडलं, आत गेले आणि हात जोडले. टेबलामागून आवाज आला, "आधी पाय. मग नमस्कार."

मी म्हटलं, "मॅडम, चपला नव्या आहेत."

मान वर न करता त्या म्हणाल्या, "रोगाला जुनं-नवं कळत नाही."

गेले मागे, बुडवले पाय. चपलांचा रंग उडाला तो उडालाच. त्या दिवशी घरी जाऊन मी बाईंना मनसोक्त शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागे मागे हिंडायला लागले.

मी वैशाली भोईर. माहेर जूचंद्रचं, राहते विरारच्या फुलपाड्यात. नोकरीची बहुतेक वर्षं मी बाईंच्या हाताखाली काढली. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहा, असं समितीकडून सांगणं आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण पाठोपाठ सूचनाही आली, "ताई, प्रसंग मंगल आहे, कडू काही नको हं." अहो, मग मला कशाला विचारलंत? बाईंचं कौतुक करायचं आणि त्यांना ज्यांनी छळलं त्यांच्याबद्दल मिठाची गुळणी धरून बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. ज्यांना झेपणार नाही त्यांनी पान उलटावं, पुढचे लेख गोड असतील.

बाईंचं खरं काम कोंबड्यांतलं. आमच्या खात्यात कोंबडीला कोणी विचारत नाही. म्हैस आजारी पडली तर आमदाराचा फोन येतो, कोंबडी मेली तर मालकीण तिला पुरून गप्प बसते. बाई मात्र कामण-चिंचोटीच्या बाजूला असलेल्या मोठ्या शेडमध्ये जितक्या वेळा जात, तितक्याच वेळा चार-चार कोंबड्या पाळणाऱ्या बायकांच्या अंगणात जात. तिथं चहा घेत, पिल्लांना लस टोचत आणि बायका काय बोलतात ते ऐकत. त्या ऐकण्यातूनच त्यांना वाट्याच्या कोंबडीचं महत्त्व कळलं.

आता नव्या वस्तीतल्या वाचकांना वाट्याची कोंबडी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे एखादीची कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, आणि तिच्याकडे जागा नसली, की ती आपली कोंबडी मैत्रिणीच्या अंगणात ठेवते. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची, आणि मोठी झाली की अर्धी तुझी, अर्धी माझी. कागद नाही, साक्षीदार नाही, सगळा कारभार शब्दावर. जूचंद्रला अंगणं होती तोवर या कोंबड्या गावातच फिरायच्या. अंगणांवर बिल्डिंगी आल्या आणि आमच्या बायकांच्या कोंबड्या चिंचोटीकडच्या मैत्रिणींकडे गेल्या. म्हणजे कोंबडी एका गावात आणि मालकीण दुसऱ्या गावात.

यातूनच आमच्या लोकांची ती जगावेगळी चूक होते. बर्ड फ्लू आला, सरकार कोंबड्या मारणार, अशी कुणकुण लागली की प्रत्येक बाई डालगं उचलते आणि आपली वाट्याची कोंबडी परत आणायला धावते. कोंबडी झाकायच्या त्या टोपलीत कोंबडीबरोबर रोगही घरी येतो. पण बायकांना मूर्ख म्हणायची घाई करू नका. सरकारी नियमात भरपाई मिळते ती कोंबडी ज्याच्या अंगणात सापडली त्याला. जिनं कोंबडी दिली तिचं नावच कुठे नाही. मग ती कशाला हातावर हात ठेवून बसेल?

ही गोष्ट बाईंनी सगळ्यात आधी मांडली ती बँकॉकमध्ये. आसपासच्या देशांतल्या पशुवैद्यांची तिथं बर्ड फ्लूवर एकत्र बैठक होती. जायचं होतं आमच्या एका वरिष्ठ साहेबांना, पण त्यांच्या मुलीचं लग्न आडवं आलं म्हणून बाईंची वर्णी लागली. मी त्या साहेबांचं नाव लिहीत नाही. नाव छापून येण्याची हौस त्यांना फार आहे, ती माझ्या हातून फिटायला नको. तर त्या बैठकीत पडद्यावर नकाशे दाखवत होते. रोगाच्या जागेभोवती एक वर्तुळ काढायचं आणि त्यातले सगळे पक्षी मारायचे, असा जगभरचा शिरस्ता. बाईंनी उभं राहून विचारलं, "कोंबडी वर्तुळाच्या आत आणि मालकीण बाहेर असेल तर?"

सभागृहात कोणाला प्रश्नच कळेना. मागच्या रांगेत एक बाई मात्र मोठ्यांदा हसल्या. त्या बांगलादेशच्या डॉ. नसरीन. त्यांच्या गावांतल्या बायकाही अस्संच करतात, अर्ध्या वाट्यानं कोंबड्या देतात आणि रोगाचं नाव निघालं की टोपल्या घेऊन धावतात! चहाच्या वेळी दोघी अशा बोलत बसल्या की पुढचं भाषण बुडालं. निघताना ठरलं, जिला जे दिसेल ते तिनं दुसरीला फोन करून सांगायचं. बाई मला म्हणाल्या होत्या, "वैशाली, इतक्या लांब गेले आणि शेजारीण भेटली."

पुढे चिंचोटीच्या अंगाला एका शेडमध्ये कोंबड्या मरायला लागल्या. तुरे निळे-काळे पडलेले, डोकी सुजलेली. नमुने परराज्यातल्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवालाची वाट बघणं सुरू झालं. त्याच सुमारास नसरीनबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे नुकताच रोग येऊन गेला होता, आणि कोंबड्या मारायचं पथक गावात शिरायच्या आधीच टोपल्या गाव सोडून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पथक नंतर पाठवा, आधी बायकांना गाठा." रीतसर मार्गानं हीच माहिती आमच्या कार्यालयात आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

बाई तडक त्याच साहेबांकडे गेल्या. "दोघींची नावं घेऊ, भरपाई अर्धी-अर्धी देऊ, आणि हे आजच गावांत जाहीर करू," असं त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "अहवाल आल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. घबराट होईल." कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? चिंचोटीत मेलेल्या कोंबड्यांची बातमी जूचंद्रच्या मासळीबाजारात पोचली होती आणि हे अहवालाची वाट बघत बसलेले! बाई "बरं साहेब" म्हणून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "चल, तुझ्या माहेरी जाऊ."

आम्ही पोचलो तेव्हा गावदेवीच्या देवळापुढे बायका निघण्याच्या तयारीत होत्या. सगळ्यांत पुढे हिराकाकी. नात्यानं माझी चुलतकाकी, अंगानं काटक आणि तोंडानं तिखट. त्यांची तांबडी कोंबडी चिंचोटीला कमळाबाईंकडे वाट्यानं होती. या दोघी लहानपणी मिठागरावर एकत्र राबलेल्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी. बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं, कोंबड्या आहेत तिथंच राहू द्या म्हणाल्या. काकींनी डालगं कमरेवर घेतलं आणि विचारलं, "बाय, उद्या सरकार येल, कोंबरी मारल. पैसं त्या कमळीला. मंग मना काय? पिसं?"

बाई म्हणाल्या, "तुमचा वाटा तुम्हाला मिळेल. आज कोणी डालगं उचलू नका."

"ह्यो सरकारचा शबूद का तुजा?"

साहेबांनी काहीच मान्य केलं नव्हतं. मी शेजारीच होते, मला ते ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, "माझा."

काकींनी डालगं जमिनीवर पालथं घातलं आणि त्यावर बसल्या. "बसली मी. आता कोन जाते ती बगते." एकही बाई हलली नाही. बसलेल्या काकींचा कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. त्या फोटोचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे.

अहवाल आला, रोग निघाला, वर्तुळ आखलं गेलं आणि आम्ही पांढरे सूट चढवून चिंचोटीत उतरलो. त्या कामाबद्दल मी फार लिहिणार नाही. इतकंच सांगते, की बाईंनी कोणाला कोंबडी पोत्यासारखी फेकू दिली नाही. प्रत्येक अंगणात त्या आधी विचारत, "यातली वाट्याची कुठली? कुणाची?" कमळाबाईंनी पदर तोंडाला लावून बोट दाखवलं, "ती तांबरी हिराची." बाईंनी दोघींची नावं घेतली. रोग त्या वर्तुळातच संपला. जूचंद्रला नंतर तपासणीसाठी घेतलेले सगळे नमुने स्वच्छ निघाले. जे मोठमोठ्या यंत्रणांना जमत नाही, ते पालथ्या डालग्यावर बसलेल्या एका बाईनं आणि तिला शब्द देणाऱ्या दुसऱ्या बाईनं करून दाखवलं होतं.

मी घरी आले तर सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरी उभे. "ताई, काही दिवस दुसरीकडे राहा ना. लिफ्ट सगळे वापरतात. लोक बोलतात." मी अंघोळ करून, कपडे बदलून, प्रतिबंधक गोळ्या घेऊन आलेली! रडूही येईना, इतका संताप आला. मी बाईंना फोन केला. बाई वसईहून रिक्षा करून आल्या, कंपाउंडमध्ये खुर्ची मागून घेतली आणि बसल्या. सेक्रेटरींना सगळं शांतपणे समजावलं. तरी ते "तसं नाही हो मॅडम" करत राहिले, तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या गच्चीवरच्या पार्टीला चिकन बिर्याणीच असते ना? ती तुम्हाला निर्धास्त खाता यावी म्हणून ही मुलगी दिवसभर त्या सुटात घामाघूम होत होती. हिला वर जाऊ द्या, नाहीतर मी इथंच बसते." मी लिफ्टनं वर गेले. बाई दोन घास खाऊन गेल्या, आणि जाताना माझ्या सासूबाईंना सांगून गेल्या की हिला उद्या उशिरापर्यंत झोपू द्या. माझ्या सख्ख्या माणसांना हे सुचलं नव्हतं.

आता कडू भाग. समितीनं हवी तर इथं कात्री लावावी.

भरपाईची वेळ आली तेव्हा वरच्या कार्यालयानं बाईंनी घेतलेली दुसरी नावं सरळ काढून टाकली. म्हणे मालक तोच, ज्याच्या ताब्यात पक्षी. वाटा-बिटा नियमात बसत नाही. कमळाबाईंना सगळे पैसे मिळाले, तेही त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात गेले. हिराकाकी वाटा मागायला गेल्या आणि दोघींचं वाजलं. मिठागरापासूनची मैत्री, आणि आता एकमेकींच्या दारावरून जात नाहीत. बाईंनी आपल्या पर्समधून द्यायला हात पुढे केला तर काकी उसळल्या, "तुजं पैसं कशाला? तू काय माजी कोंबरी खाल्लीस?" बाई पर्स मिटून गाडीत जाऊन बसल्या. त्यांना इतकं हरलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी वर काय करावं? शाबासकी? छे! बाईंकडून खुलासा मागवला. अहवालाआधी जाहीर वाच्यता का केली, आणि परदेशी व्यक्तीशी परस्पर संपर्क का ठेवला? रोगाला पासपोर्ट लागत नाही, हे वाक्य या साहेबांच्या प्रत्येक भाषणात असतं. टाळ्याही पडतात. रोगाला नाही लागत हो, पण रोगाची बातमी शेजारणीला सांगायची तर तुमचा शिक्का लागतो! देशादेशांनी मिळून काम करायचं म्हणता, आणि दोन डॉक्टरणी मिळून काम करतात तेव्हा त्यांनाच आरोपी करता? बाईंना कोंबड्यांच्या कामावरून काढून कार्यालयात खुर्चीवर बसवलं. निवृत्तीपर्यंत त्या तिथं आल्या-गेल्याच्या अर्जांवर सह्या करत बसल्या. मी चिडायचे, आरडाओरडा करायचे. बाई म्हणायच्या, "माझं सोड. पुढच्या वेळी बायका थांबतील का, ते सांग."

हाच प्रश्न आहे आणि बाकी सगळं त्याच्यापुढे शून्य आहे. रोग पुन्हा येणारच. आम्ही पुन्हा देवळापुढे उभं राहून सांगू, कोंबड्या आहेत तिथंच ठेवा. तेव्हा कोणती बाई डालगं पालथं घालेल? का घालावं तिनं?

नंतर एक परदेशी शिष्टमंडळ आलं, "ज्या गावातून एकही कोंबडी हलली नाही" ते गाव, म्हणजे चिंचोटी, बघायला. बाईंना बोलावणं नव्हतं. काकींच्या हट्टापायी मी बाईंना घेऊन गेले. गावातल्या एका अंगणाच्या दारात मी घमेलं मांडून ठेवलं होतं. पाहुण्यांनी एकामागून एक निमूट बूट बुडवले. साहेबांचे बूट चामड्याचे, ते घमेल्याला वळसा घालून आत जायला लागले. बाई भिंतीशी उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "साहेब, आधी पाय." पाहुणे वळून बघायला लागले म्हणून बुडवले त्यांनी, पण चेहरा असा केला की एरंडेल प्यालेत.

पुढे ते हेच सगळं घेऊन परदेशात व्याख्यान द्यायला गेले. आयत्या बिळावर नागोबा! पडद्यावर काकींचा तो डालग्यावर बसलेला फोटो, खाली "ग्रामीण महिला" असं लिहिलेलं. काकींचं नाव नाही, बाईंचं नाही. पण देवाला डोळे असतात. श्रोत्यांत नसरीनबाई बसलेल्या होत्या. त्यांनी उभं राहून विचारलं, "या बाईंना त्यांचा वाटा मिळाला का?" साहेब म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे, आम्ही त्यावर विचार करतो आहोत. नसरीनबाईंनी त्या संध्याकाळी फोन करून बाईंना हे सांगितलं तेव्हा मी समोर होते. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांच्या भागात आता कोंबड्या मारताना दोन्ही बायकांची नावं घेतात आणि दोघींना भरपाई देतात. बाईंची कल्पना सरहद्द ओलांडून तिकडे रुजली, आणि वसईत तिला अजून थारा नाही. याची लाज कोणाला वाटायला हवी ते मी सांगत नाही.

बाईंच्या सत्कार समारंभाचे प्रमुख पाहुणे तेच साहेब आहेत, असं निमंत्रणपत्रिकेत वाचलं. आता ते आणखी वरच्या खुर्चीवर आहेत. त्यांच्या हस्ते शाल, श्रीफळ, मानपत्र. माझी त्यांना जाहीर विनंती आहे, शाल राहू द्या, वसईत थंडी नसते. येताना तेवढा एक नियम बदलून आणा, की वाट्याच्या कोंबडीची भरपाई दोघींना मिळेल. आणला नाहीत तरी या, पण सभागृहाच्या दारात घमेलं घेऊन मी उभी असेन.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात हिराकाकी माझ्याबरोबर बाईंच्या वाडीत आल्या. कमरेवर तेच डालगं. आत एक तरणी तांबडी कोंबडी. अंगणात डालगं टेकवून म्हणाल्या, "ही वाट्याची. तुज्याकरं ऱ्हाऊ दे."

बाई गडबडल्या. आमच्याकडे वाट्याची कोंबडी ठेवतात ती घर बघून. आजारी, थकल्या माणसाच्या घरी ठेवत नाहीत, कारण वाटा घ्यायला जाऊ तेव्हा दार उघडायला माणूस हवं. बाई म्हणाल्या, "काकी, माझी साठी आली. शुगर आहे, गुडघे गेलेत. दुसरं घर बघा."

काकींनी कोंबडी सोडली, तिला दाणे टाकले आणि म्हणाल्या, "मंग? माजा आदीचा वाटा ऱ्हायलाय नं तुज्याकरं? तो दिल्याबिगर तू कुटं जातेस?"

बाई हसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या.

तेव्हा डॉक्टरबाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, असं नुसतं म्हणून मी थांबत नाही. तुम्हाला जगावंच लागेल. गोळ्या वेळेवर घ्या, सकाळी वाडीत चाला, गुडघ्यांना तेल लावा. त्या साहेबांच्या आणि त्यांच्या मागून येणाऱ्या प्रत्येक साहेबाच्या दारात तुम्हाला उभं राहायचं आहे, आणि मी बरोबर आहेच. कोंबडी परवापासून खुडूक बसलीय, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. पिल्लं निघतील, मोठी होतील, आणि काकी डालगं घेऊन येतील. दार तुम्हीच उघडायचं आहे.